शाकुहाची ही जपानी बासरी नव्याने हातात घेणाऱ्यासाठी

सुरुवातीला नुसतीच हवा जाते, सूर लागत नाही. म्हणून शाकुहाची कोपऱ्यात टाकू नकोस. आपली बासरी येत असली तरी ही उभी धरायची, वरच्या तिरप्या कडेवर फुंक नेमकी बसवायची. पाचही भोकं बंद केली की निघतो तो 'रो'. रोज आधी तोच लांबवत राहा, धून नंतर. हनुवटी खाली घेतली की सूर उतरतो, वर केली की चढतो; मानेचं काम बोटांइतकंच. १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांसोबत गेलेलं गोरो यामागुची यांचं वादन जरूर ऐक, सूर विरतो तिथे खास कान दे. काय अप्रतिम आहे ते! पहिली मात्र साधी, ५४ सेंटिमीटरची लाकडी किंवा प्लास्टिकची घे. बांबूची महाग, शिवाय कोरड्या हवेत तडकते.