कानामागची सूज: मंजुरीची वाट बघत बसू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलीचा कान फुटलेला, आता कानामागं लाल सूज आलीये, कान पुढं ढकलल्यासारखा दिसतोय, बार्शीच्या डॉक्टरांनी मास्टॉइडचं, म्हणजे कानामागच्या हाडाचं, इन्फेक्शन सांगून सोलापूरला ॲडमिट करा म्हटलंय आणि तुम्ही विम्याच्या कॅशलेस मंजुरीसाठी थांबलाय. थांबू नका ओ. आजच निघा, सलाईनमधनं अँटिबायोटिक सुरू होऊ दे, कागदपत्रं मागनं होतात. मी डॉक्टर नाही, पण आमच्या धाकट्याचं हेच झालेलं म्हणून पोटतिडकीनं सांगतोय. त्या हाडात पोळ्यासारखे हवेचे कप्पे असतात, तिथं पू साठला की पलीकडं लगेच मेंदूचं आवरण, चेहऱ्याची नसपण तिथनंच जाते. उलट्या, मान आखडणं, तोंड वाकडं होणं यातलं काहीही दिसलं तर सरळ इमर्जन्सीत.

आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते दवाखान्यातलं इन्शुरन्सचं काउंटर, नाव घेत नाही. तिथल्या माणसानं फॉर्मवर 'लहानपणापासून कान फुटतो' असं मनानंच लिहून, आम्हाला न दाखवता पाठवून दिलं. पोराचा कान पहिल्यांदाच फुटलेला! त्या एका ओळीवर कंपनीनं जुना आजार म्हणून नकार दिला, आणि तोवर पोरगं तापानं फणफणत बाकावर. दुरुस्ती करून द्या म्हटलं तर 'उद्या या, साहेब नाहीत'. अजून आठवलं की संताप होतो.

त्यामुळं फॉर्म जायच्या आधी प्रत्येक ओळ वाचा, फोटो काढून ठेवा, त्रास कधी सुरू झाला ते सर्जनकडनं लेटरहेडवर लिहून घ्या. पॉलिसी नवी असेल तर वेटिंग पिरियड, म्हणजे सुरुवातीचा किती काळ कुठल्या ऑपरेशनचे पैसे मिळत नाहीत ते, बघा, आरोग्य संजीवनी पॉलिसीत मास्टॉइडच्या ऑपरेशनला 24 महिने आहेत, बाकीच्या बऱ्याच पॉलिसीतपण असंच असतं. नकार आलाच तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार, 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर पुण्याचं विमा लोकपाल कार्यालय, आपला जिल्हा त्यांच्याकडंच येतो, फी लागत नाही. आणि पैशाची अडचण असेल तर सिव्हिलला जायला अजिबात कचरू नका, तिथं ईएनटी विभाग आहे.

सीटी स्कॅन सांगितला तर पाहुणे रेडिएशनची भीती घालतील, माझं मत विचाराल तर अशा वेळी करूनच घ्यावा, पू कुठवर गेलाय ते त्यातच कळतं. घाण वासाचं पाणी येत असेल तर हाड खाणारी गाठ, कोलेस्टिएटोमा, आहे का ते स्पष्ट विचारा, ती नुसत्या थेंबांनी जात नाही. गरम तेल वगैरे कुणालाही कानात घालू देऊ नका. बार्शीत सीटी झाला असेल तर नुसता रिपोर्ट नको, सीडीपण मागून घ्या, इथल्या सर्जनला फोटो स्वतः बघायचे असतात.