‘वुमनिया’त ‘मेनिया’ नाही

प्रश्न असा: ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ (2012) मधल्या गाण्यातला ‘वुमनिया’ म्हणजे ‘वुमन’ अधिक ‘मेनिया’ का, आणि लिहिताना ‘वु’ ऱ्हस्व की दीर्घ?

ही ‘मेनिया’ची फोड महिला दिनाच्या भाषणांत हटकून ऐकू येते आणि ती साफ चूक आहे. तसं असतं तर शब्द ‘वुमेनिया’ झाला असता. स्नेहा खानवलकरांनी हे गाणं खुशबू राज आणि रेखा झा यांच्याकडून गाऊन घेतलंय. त्यात ‘म’वर मात्रा कुठेही नाही.

‘वुमनिया’ म्हणजे ‘वुमन’ अधिक ‘-इया’. ‘-इया’ हा भोजपुरी-मगही या बिहारी बोलींतला नामाचा प्रत्यय. स्त्रीलिंगी नामाला ‘-इया’, पुल्लिंगीला ‘-वा’: रात-रतिया, बात-बतिया, पण घर-घरवा. प्रत्यय लागला की आधीचा दीर्घ स्वर आखडतो, म्हणून ‘बेटी’ची ‘बिटिया’. तेव्हा ‘वु’ ऱ्हस्वच.

हिंदीची शालेय व्याकरणं ‘खटिया’, ‘डिबिया’ दाखवून या प्रत्ययाला ‘ऊनवाचक’, म्हणजे लहानपणा दाखवणारा, ठरवतात आणि मोकळी होतात. मग ‘रेलिया बैरन पिया को लिए जाय रे’ या लोकगीतातल्या रेलियेचं काय? नवऱ्याला परमुलखात ओढून नेणारी आगगाडी चिमुकली कशी? भाषाभ्यासक ग्रिअर्सनने बिहारी बोलींतल्या नामांची लघु (‘रेल’) आणि दीर्घ (‘रेलिया’) रूपं वेगळी नोंदवली, ते जास्त पटतं. ‘रेलिया’ म्हणजे बोलणाऱ्याच्या ओळखीची, ती ठरावीक रेल. परका शब्द असा घरचा करून घेण्याची रीत चित्रपटाच्या कितीतरी आधीची आहे.

खरी गंमत पुढे आहे. संस्कृत ‘मक्षिका’, प्राकृत ‘मच्छिआ’, मराठी ‘माशी’. भोजपुरीतही ‘माछी’ झालीच, पण झिजलेल्या शब्दाला तिथे ‘मक्षिका’तल्या त्याच ‘-का’चा वंशज पुन्हा जोडला गेला: ‘मछिया’. आपण एकवचनातला ‘आ’ गमावला, अनेकवचनात मात्र ‘इआ’ची खूण शिल्लक आहे: प्राकृत अनेकवचन ‘मच्छिआओ’वरून ‘माश्या’, ‘घडिआओ’वरून ‘घड्या’. म्हणजे ‘वुमनिया’तला ‘या’ आणि ‘माश्या’तला ‘या’ एकाच कुळातले! मराठी अनेकवचनं शिकवताना हे कुणी सांगत कसं नाही?

याच चित्रपटातल्या ‘फ्रस्टियाओ’ला (‘फ्रस्ट्रेट’वरून केलेलं क्रियापद) मात्र यात ओढू नका. तो ‘लतियाना’, ‘गरियाना’, ‘हथियाना’ यांतला, नामाचं क्रियापद करणारा प्रत्यय. आपल्याकडे ते काम ‘लाथाडणे’, ‘हाताळणे’ यांतले प्रत्यय करतात.