‘लुन्युला’ला ‘चंद्रहार’ म्हणावे काय?

डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयातील ‘लुन्युला’ या प्रागैतिहासिक सुवर्णालंकाराला मराठीत ‘चंद्रहार’ म्हणावे काय आणि त्यावरील चिन्हे चंद्रपूजेची मानावीत काय, असे एका वाचकाने विचारले आहे. दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर नकारार्थी आहे. चंद्रहार हा आपल्याकडचा अनेक सरांचा लांब हार; लुन्युला म्हणजे सोन्याचा एकच तुकडा ठोकून काढलेला, चंद्रकोरीच्या आकाराचा पातळ पत्रा.

लॅटिनमध्ये ‘लुना’ म्हणजे चंद्र आणि ‘लुन्युला’ हे त्याचे लघुत्वदर्शक रूप. इ.स.पू. 2400 ते 2000 या काळात आयर्लंडात हे पत्रे घडले, तेव्हा तेथे लॅटिन नव्हती आणि लिपीही नव्हती. नाव पुष्कळ नंतरच्या अभ्यासकांनी ठेवले. आपणच ठेवलेल्या नावावरून त्या लोकांचा धर्म ठरवायचा, हा उलटा न्याय मी वारंवार ऐकतो आणि तो प्रत्येक वेळी खटकतो.

खरी गंमत ‘अर्धचंद्र’ या शब्दात आहे. ‘अर्धचंद्र देणे’ म्हणजे गचांडी धरून बाहेर काढणे, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु हा अर्थ येतो तो हाताच्या पंजावरून. गळा धरण्यासाठी अंगठा आणि बोटे फाकवून वाकवलेल्या पंजाला संस्कृतात अर्धचंद्र म्हणतात. पंजा असो वा पत्रा, गळ्याशी बसायचे तर त्याला कोरीचाच आकार घ्यावा लागतो. लुन्युलाचा आकार चंद्राने नव्हे, गळ्याने ठरवला, असे माझे ठाम मत आहे, आणि आकार दिसताच आकाशाकडे पाहणाऱ्या पंडितांनी आधी माणसाची मान पाहावी.

चिन्हेही चंद्राची साक्ष देत नाहीत. आयर्लंडात सापडलेल्या 80 हून अधिक लुन्युलांपैकी बहुतेकांवर दातेरी रेघा, त्रिकोण आणि शंकरपाळ्याच्या आकाराचे चौकोन कोरलेले आहेत, तेही काठांवर आणि निमुळत्या टोकांकडे. मधला रुंद भाग सहसा कोराच असतो. याच धर्तीची नक्षी त्या काळच्या ‘बीकर’ म्हणजे उभट पेल्यासारख्या मृद्भांडांवरही आहे. शिवाय रॉसकॉमन काउंटीतील कॉगलबेग येथे लुन्युलासोबत सोन्याच्या दोन चकत्या मिळाल्या, आणि वर्तुळात क्रूस असलेल्या अशा चकत्या सूर्याच्या मानल्या जातात. म्हणून लुन्युला ही सूर्याला वाहून नेणारी नौका असावी, असे काही अभ्यासक सुचवतात. हा तर्क मला अधिक पटतो, कारण तो सोबत सापडलेल्या वस्तूंवर उभा आहे, नावावर नव्हे.

मराठी नाव हवेच असेल, तर ‘सुवर्णकोर’ म्हणावे.