पद्मिनी घरी उभी करायची तर आधी ब्रेक, मग इंजिन, रंग अगदी शेवटी

चिपळूणला पडवीत सासऱ्यांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी बारा वर्षं उभी आहे, नवीन बॅटरी टाकून सेल्फ मारून बघू का, आधी रंग करू की इंजिन, आणि यातलं घरी किती जमेल असं तुम्ही विचारलंय. पहिल्याचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. प्लीज सेल्फ मारू नका. बारा वर्षांत पिस्टनच्या रिंगा सिलेंडरला चिकटल्या असतील तर त्या एका झटक्यात रिंग तुटते, सिलेंडरला ओरखडे पडतात, आणि जे काम थोड्या तेलात आणि आठवडाभर थांबून झालं असतं ते बोअरिंगपर्यंत (सिलेंडर आतून कातून घेण्यापर्यंत) जातं.

त्याच्याही आधी एक सांगा, २०२१ च्या जुलैच्या पुरात गाडीत पाणी शिरलं होतं का? घरात कोणाला आठवत नसेल तर गाडीच सांगेल, सीटखालचं कार्पेट उचला, दाराच्या आतल्या पॅडवर पाण्याची रेघ दिसते का बघा, आणि इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल तिन्हीचं थोडं थोडं तेल खालून काढून बघा, दुधाळ कॉफीसारखं आलं तर आत पाणी गेलंय आणि मग तेवढा भाग उघडल्याशिवाय पुढे जायचंच नाही.

पद्मिनी घरी करायला खरंच चांगली गाडी आहे. मूळची फियाट ११००, आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीचं साधं चार सिलेंडरचं इंजिन, कार्ब्युरेटर, पॉइंट-कंडेन्सरचं इग्निशन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). कुठे कॉम्प्युटर नाही की सेन्सर नाही, पान्यांचा एक बरा सेट, फीलर गेज, मल्टिमीटर आणि धीर एवढ्यावर निम्म्याहून जास्त काम होतं. मुंबईत काळी-पिवळी म्हणून ही गाडी इतकी वर्षं पळाली (शेवटच्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ ला संपली) त्यामुळे पार्ट अजून मिळतात, ऑपेरा हाऊसच्या स्पेअरवाल्यांकडे, पुण्यात नाना पेठेत, आणि रविवारी-बुधवारी जुन्या बाजारात फिरलात तर काचांची हँडलं, लाइटच्या रिंगा असलं किरकोळ सामान हाती लागतं. जुना टॅक्सीवाला मिस्त्री कुठे भेटला तर त्याला धरून ठेवा, त्याच्या हाताला जे कळतं ते कुठल्याही मॅन्युअलमधे नाही.

आता क्रम. माझं मत पक्कं आहे, गाडी पळवायच्या आधी ती थांबली पाहिजे, म्हणून पैसा आणि वेळ आधी ब्रेकवर घाला. लोक उलटं करतात, रंग आधी मारतात, गाडी चकचकीत दिसते, मग घरचे म्हणतात चला एक चक्कर मारू आणि मास्टर सिलेंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा) आतून गंजलेला.

गाडी उचलताना जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, आणि विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक अजिबात नाही, ते कधी कडकन फुटतील सांगता येत नाही. लोखंडी स्टँड आणा, जमीन मातीची असेल तर खाली जाड फळी टाका. ब्रेकचा ड्रम बहुतेक निघणारच नाही, शू (ड्रमला घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या) आतून चिकटलेले असतात, तर आधी ॲडजस्टर सैल करा, कडेने गोल फिरत लाकडी हातोड्याने ठोका, गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवा. उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, फुंकर तर नकोच, शूच्या जुन्या लायनिंगमधे ॲस्बेस्टॉस असतं, ते श्वासातून जायला नको, पाणी फवारून ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाकून द्या.

मग प्रत्येक चाकातला व्हील सिलेंडर उघडा, तोच शू ढकलतो. रबरी वॉशर दगड झालेला असेल, तो जाणारच. खरं बघायचं ते सिलेंडरच्या आतली भिंत. बारीक वॉटर पेपरने गोल गोल घासा, स्पिरिटने पुसा, उजेडात धरा आणि नख फिरवा. नख कुठेच अडकलं नाही तर नुसतं किट टाकून भागेल. एका जागी जरी खड्ड्यात नख अडकलं तरी तो सिलेंडर बाद, नवीन घ्या किंवा चांगल्या लेथवाल्याकडून आत स्लीव्ह बसवून घ्या, कारण त्या खड्ड्यातून नवा रबरही थोड्या दिवसांत गळणार. हे सगळं धुवायला रॉकेल, पेट्रोल, डिझेल काही वापरू नका, त्यात ब्रेकचं रबर फुगतं, फक्त स्पिरिट किंवा ब्रेक ऑइलच. रबरी होज पाईप बाहेरून धडधाकट दिसले तरी सगळे बदला, ते आतून फुगतात आणि ब्रेक लागल्यावर सुटतच नाही, मग लोक शूला दोष देतात. लोखंडी नळ्या गंजल्या असतील तर ब्रेकच्याच नळ्या टाका, फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी कोणी सुचवली तर नको म्हणा, ती हादऱ्याने कडक होऊन तडकते. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून म्हणजे मागच्या डाव्यापासून सुरुवात करा, आणि ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता कारण ते रंग खातं.

आता इंजिन. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑइल अर्धं अर्धं करून दोन-दोन चमचे सोडा, भोकांवर फडकं टाका आणि चार-पाच दिवस विसरून जा. नंतर गिअर न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीच्या नटला मोठा पाना लावून हळूच हलवा, किंचित पुढे, किंचित मागे. हललं तर परत थोडं तेल आणि परत दुसऱ्या दिवशी. पान्याला पाईप लावून जोर करायचा मोह होईल तो आवरा, अगदीच हलत नसेल तर हेड काढून बघणं स्वस्तात पडतं. मोकळं झालं की जुनं तेल काढून नवीन मिनरल २०डब्ल्यू-५० भरा, फिल्टर बदला, आणि प्लग न लावताच सेल्फने फिरवत रहा, थोडं थोडं, तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत. भोकांमधून तेल उडेल, समोर तोंड नेऊ नका. दिवा विझला म्हणजे तेल वर पोचलं, आता प्लग लावा.

टाकीतलं जुनं पेट्रोल वापरायचं नाही, ते आता वॉर्निशसारखं झालेलं असतं, वास घेतलात तरी कळेल. पहिल्यांदा छोट्या कॅनमधून ताजं पेट्रोल गाडीच्या फ्युएल पंपाला द्या, बाजूला आग विझवायचा सिलेंडर ठेवून. त्या फ्युएल पंपाचा आतला पडदा आधी बदला, तो फाटलेला असेल तर पेट्रोल थेट इंजिनच्या तेलात उतरतं, डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर तेच समजा. आणि आता पेट्रोल पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, १९७८ च्या रबराला ते सोसत नाही, नळ्या मऊ पडतात, कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधे पाणी धरतं. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या व्हायटॉनच्या (इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या) मागून घ्या, आणि गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा. टाकी गळत असेल तर तिला घरी वेल्डिंग अजिबात करू नका, रिकाम्या टाकीतली वाफच भडकते, यात माणसं गेलीत. आणि इंजिन चालू झालं की गाडी पडवीतून बाहेर, बंद जागेत धूर साठला तर कळायच्या आत माणूस आडवा होतो.

पत्र्याचं काम हा या गाडीचा खरा खर्च. पद्मिनीला वेगळी चॅसी (खालचा लोखंडी सांगाडा) नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार घेते, म्हणजे फ्लोअर आणि दाराखालची कड कुजली तर नुसतं वाईट दिसत नाही, गाडीच मधून वाकते, दारं नीट लागत नाहीत. कोकणातल्या हवेत उभी आहे म्हणजे गंज आहेच, प्रश्न किती एवढाच. मोठा स्क्रू ड्रायव्हर घेऊन फ्लोअर, दाराखालची कड, मागच्या पाट्यांची बैठक, डिकीचा तळ, सगळीकडे टोचत जा. ठणठण आवाज आला तर पत्रा जिवंत, टोक आत गेलं की तिथे खडूने खूण करा. खुणा बघूनच ठरेल घरी करायचं की गॅरेजला.

कुजलेला पत्रा कापून २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा लावायचा, सीओटू वेल्डिंगने, आणि एका दमात रेघ ओढायची नाही, एक ठिपका इथे एक तिथे, नाहीतर उष्णतेने पत्रा लाटा मारतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढा आणि टाकी गाडीतून उतरवून लांब ठेवा. भोकावर फायबर आणि लांबी (पुट्टी) चोपडून देणारे बरेच भेटतील, त्यांच्या नादी लागू नका, आत गंज चालूच राहतो. गंजावरच काळं अंडरकोटिंग मारणं तर त्याहून वाईट, ओल आत कोंडते. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात ती रंगाने बुजवू नका.

लहान गंजके पार्ट, ब्रॅकेट, बिजागऱ्या, नट-बोल्ट, यासाठी घरी करता येणारी भारी पद्धत म्हणजे धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि बॅटरी चार्जर. प्लास्टिकच्या बादलीत साध्या लोखंडाचा तुकडा प्लसला, पार्ट मायनसला, रात्रभर ठेवा, गंज काळा चिखल होऊन सुटतो आणि चांगलं लोखंड खाल्लं जात नाही. फक्त प्लसला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात येतं, आणि हे उघड्यावरच करा कारण हायड्रोजन निघतो.

वायरिंगचं थोडक्यात, उंदरांनी कुरतडलेली असेल तर जोडजोड करत बसू नका, नवा हार्नेस (वायरींचा तयार संच) टाका, अर्थिंगचे सगळे बोल्ट घासून चकचकीत करा, निम्मे लाइटचे प्रॉब्लेम तिथेच सुटतात.

रंग मात्र घरी मारू नका असं मला वाटतं. घासणं, जुना रंग काढणं, लांबी लावून लेव्हल करणं हे घरी करा, मजुरी बरीच वाचते. पण टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायच्या) रंगातलं हार्डनर फुफ्फुसाला फार वाईट, साध्या मास्कने थांबत नाही, ते रंगाच्या बूथमधेच. आणि पावसाळ्यात तर नाहीच, जुना एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग दमट हवेत पांढरट पडतो. नुसत्या साध्या प्रायमरवर गाडी पावसाळाभर ठेवलीत तर प्रायमर पाणी पितो आणि खाली परत गंज, ठेवायचीच असेल तर इपॉक्सी प्रायमर मारा.

एक महत्त्वाचं राहिलं, कोणीतरी नक्की म्हणणार की यात मारुतीचं इंजिन टाक, सीएनजी लाव. नको म्हणा. तुमची गाडी २०२८ ला ५० वर्षांची होते. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे ५० वर्षांवरच्या खासगी गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए सिरीजची नोंदणी मिळू शकते, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. म्हणून जे काढाल ते पिशवीत घालून नाव लिहून ठेवा, काही फेकू नका, आणि आरसीवरचा इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळतो का ते आजच बघा. सासऱ्यांच्या नावावरून नाव बदलायचं असेल तर ते काम गाडी चालू व्हायच्या आधीच सुरू करा, आरटीओला वेळ लागतोच.

टोचून झालं की खुणा केलेल्या पत्र्याचे फोटो टाका, खास करून पाट्यांच्या बैठकीचे दोन्ही बाजूंचे, मग किती पत्रा लागेल आणि ते चिपळुणात होईल की गाडी टोइंग करून न्यावी लागेल ते सांगतो.