इन्व्हेस्टमेंट बँकेच्या समर इंटर्नशिपमध्ये इंटर्नला खरं काम देतात का? आणि झोप मिळते का?

तू लिहिलंयस की पुढच्या उन्हाळ्यात १० आठवडे इन्व्हेस्टमेंट बँकेत जायचंय, शिक्षण फायनान्सचं नाही, आणि तिथे खरं काम देतात की नुसतं कोपऱ्यात बसवून ठेवतात हे कळत नाहीये. शिवाय रात्र-रात्र जागावं लागतं हे कितपत खरं. मी मागच्याच उन्हाळ्यात हे केलंय, एम अँड ए टीममध्ये, म्हणजे कंपन्यांची खरेदी-विक्री नि विलीनीकरण, त्यामुळे सगळं अजून डोळ्यासमोर आहे.

काम खरं असतं. फक्त ते बाहेरून वाटतं तसं नसतं. जायच्या आधी मला वाटत होतं की मोठमोठी मॉडेल्स (कंपनीचे पुढचे आकडे मांडणाऱ्या एक्सेल शीट्स) बनवायची असतील, पण मॉडेल शक्यतो इंटर्नच्या वरच्या पायरीवरच्या, म्हणजे अ‍ॅनालिस्टच्या हातात असतं. इंटर्नकडे येतात ती कॉम्प्स (तशाच कंपन्यांशी तुलनेचे तक्ते), कंपन्यांची एकेका पानाची प्रोफाइल्स, पिचबुकची (क्लायंटला दाखवायच्या सादरीकरणाची) पानं, कोण खरेदीदार होऊ शकेल याच्या याद्या, कॉलवर बसून नोट्स घेणं आणि सगळ्यात जास्त म्हणजे तपासणं. पानावरचा प्रत्येक आकडा मूळ अहवालातल्या आकड्याशी जुळतो का, बेरीज लागते का, तळटीप बरोबर आहे का. याला तिथे टाय आऊट करणं म्हणतात आणि माझे निम्मे तास तरी त्यातच गेले असतील. हे कंटाळवाणं काम आहे असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस, कारण ते पान शेवटी एखाद्या कंपनीच्या संचालकांसमोर जातं आणि ते त्यावरून ठरवतात की विकायचं का आणि कितीला.

एक प्रसंग सांगते म्हणजे नीट कळेल. चौथा आठवडा असेल. आमचा क्लायंट दुकानांची साखळी चालवणारी एक कंपनी होता, त्यांना विकायचं होतं, आणि मला कॉम्प्सचा तक्ता करायला दिला होता, म्हणजे तशाच सहा लिस्टेड कंपन्या घ्यायच्या, प्रत्येकीची एंटरप्राइज व्हॅल्यू काढायची (शेअर्सचं बाजारमूल्य अधिक कर्ज वजा रोकड, ढोबळमानाने), तिला ईबिट्डाने (व्याज, कर, घसारा वगैरे वजा करण्याआधीचा नफा) भागायचं आणि जो पट येईल त्यावरून आपल्या कंपनीची किंमत अंदाजायची. मी केला, दोनदा तपासला, रात्री ११ च्या सुमारास अ‍ॅनालिस्टला पाठवला, तिने पुढे व्हीपीला (व्हाइस प्रेसिडेंट, टीममधले वरिष्ठ) पाठवला. आणि मग मी सहज परत एकदा वार्षिक अहवाल चाळत होते तर लक्षात आलं की सहापैकी दोन कंपन्या आयएफआरएसप्रमाणे (हिशोबाचे आंतरराष्ट्रीय नियम) हिशोब मांडतात आणि बाकीच्या चार यूएस गॅपप्रमाणे (अमेरिकेचे नियम).

यात काय झालं ते बघ. २०१९ पासून आयएफआरएस १६ लागू झालं, त्यात दुकानाच्या जागेचं भाडं ऑपरेटिंग खर्चात दिसतच नाही, ते घसारा आणि व्याज म्हणून खाली जातं, त्यामुळे धंदा तसाच राहूनही ईबिट्डा फुगतो. यूएस गॅपमध्ये ऑपरेटिंग लीजचं (साध्या भाडेकराराचं) भाडं ईबिट्डाच्या आधीच वजा झालेलं असतं. मी दोन्ही आकडे अहवालात आहेत तसे उचलून एकाच तक्त्यात शेजारी शेजारी बसवले होते. आकडे गोल करून सांगते (खरे सांगता येणार नाहीत), एंटरप्राइज व्हॅल्यू १००० आणि ईबिट्डा १२५, म्हणजे ८ पट. पण त्या १२५ मधून भाड्याचे २५ वजा केले की उरतात १००, आणि पट होतो १०. म्हणजे त्या दोन कंपन्या माझ्या तक्त्यात विनाकारण स्वस्त दिसत होत्या आणि मधला आकडा खाली ओढत होत्या. आम्ही तर विकणाऱ्याच्या बाजूने होतो! ज्यांनी आमच्यावर विश्वास टाकलाय त्यांनाच आम्ही सांगणार होतो की तुमची कंपनी आहे त्यापेक्षा कमी किमतीची आहे.

अर्धा तास मी नुसती स्क्रीनकडे बघत बसले. पोटात गोळा आला होता. एक मन म्हणत होतं की सकाळी गुपचूप दुरुस्त करून नवीन व्हर्जन म्हणून पाठवू, कोणाच्या लक्षात येणार, पण व्हीपी तेव्हाच ते पान वाचत असणार हे माहीत होतं. शेवटी उठून अ‍ॅनालिस्टच्या डेस्कपाशी गेले आणि चूक काय आहे, कुठल्या दोन ओळींत आहे, किती फरक पडतो आणि दुरुस्त करायला ४० मिनिटं लागतील असं एका दमात सांगून टाकलं. तिने व्हीपीला तिथल्या तिथे फोन केला, की ते पान आत्ता बघू नका, नवीन येतंय. मला एवढंच म्हणाली, "बस, आपण दोघी मिळून करू." पाऊण वाजता गेलं ते पान. ओरडा वगैरे काही पडला नाही. पण त्यानंतर तिने माझ्याकडे जास्त अवघड कामं द्यायला सुरुवात केली, आणि मला वाटतं त्या दहा आठवड्यांतली तीच खरी परीक्षा होती, जी कुठल्याही वेळापत्रकात लिहिलेली नव्हती. तुझ्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येतो का, आणि येत नसेल तेव्हा तू ते स्वतः येऊन सांगतेस का, एवढंच बघतात. हुशार तर सगळेच असतात तिथे.

आता झोपेचं. खोटं नाही सांगत, कमी मिळते. त्रास कामापेक्षा वाट बघण्याचा जास्त होतो, कारण दिवसभर सीनियर लोक मीटिंगमध्ये असतात आणि त्यांचे कमेंट्स संध्याकाळी सात-आठला येतात, लाल पेनाने खुणा केलेली पानं स्कॅन करून, आणि सकाळपर्यंत सगळं करून हवं असतं. माझे आठवड्याला ७५ ते ८० तास सहज व्हायचे, एका आठवड्यात त्याच्याही वर गेले. या विषयावर बाहेर बराच गाजावाजा झालाय आणि तो व्हायलाच हवा होता. २०१५ मध्ये गोल्डमन सॅक्सने इंटर्न्सना मध्यरात्र ते सकाळी ७ ऑफिसात थांबायचं नाही असा नियम केला, २०२१ मध्ये तिथल्याच काही पहिल्या वर्षाच्या अ‍ॅनालिस्ट्सनी आठवड्याला सरासरी ९५ तास काम होतं असं मांडलेलं सर्वेक्षण बाहेर आलं, आणि २०२४ मध्ये जेपी मॉर्गनने ज्युनियर लोकांना बहुतेक वेळा ८० तासांची मर्यादा घातली. कागदावरचा नियम आणि चालू डील यांत ओढाताण होतेच. म्हणून सांगते, एका वेळी दोन-तीन डील्सवर टाकलं आणि झेपत नसेल तर स्टाफरला (कोणाला कुठल्या डीलवर टाकायचं हे ठरवणारा) पहिल्याच दिवशी सांग, काम द्यायच्या आदल्या रात्री नाही. आणि ताप असताना, दोन रात्री जागलेली असताना शूरपणा करू नकोस, तब्येत गेली तर नोकरीची कुठलीच ऑफर ती परत आणून देत नाही. माझ्या बॅचमधल्या एकाला सहाव्या आठवड्यात सलग तिसऱ्या रात्री जागताना चक्कर आली होती, तेव्हापासून मला हे कोणी हसण्यावारी नेलेलं चालत नाही.

फायनान्सचं शिक्षण नाही याची मात्र फार काळजी करू नकोस. डीसीएफचं (पुढे येणाऱ्या पैशांची आजची किंमत काढून कंपनीचं मूल्य ठरवायची पद्धत) सूत्र एका दुपारी शिकता येतं, पण ते किती नाजूक असतं हे हाताने करून बघ. शेवटच्या वर्षाचा कॅश फ्लो १०० धर, डिस्काउंट रेट (पुढचे पैसे आजच्या किमतीत आणायचा दर) १० टक्के, पुढची कायमची वाढ २ टक्के, तर टर्मिनल व्हॅल्यू (त्यानंतरच्या सगळ्या वर्षांच्या कॅश फ्लोची मिळून किंमत) १२७५ येते. वाढ फक्त ३ टक्के केलीस की १४७१. एका टक्क्याने एवढा फरक, म्हणून कोणी डीसीएफचा एकच ठाम आकडा सांगितला की आधी विचारायचं वाढ किती धरलीय.

एक्सेलमध्ये हाताने टाकलेले आकडे निळे, फॉर्म्युले काळे ही सवय आत्ताच लाव. आणि डीलबद्दल लिफ्टमध्ये, घरी, मित्रांत अवाक्षर नाही, तिथे डीलला टोपणनाव असतं ते याचसाठी.

जायच्या आधी वेळ असेल तर एकाच धंद्यातल्या दोन कंपन्यांचे वार्षिक अहवाल डाउनलोड कर, एक आयएफआरएसवाली, एक यूएस गॅपवाली, आणि कोऱ्या शीटवर त्यांचा ईबिट्डा, कर्ज आणि डायल्यूटेड शेअर्स (ऑप्शन्स वगैरेंचे शेअर्स झाले तर होणारी एकूण संख्या) स्वतः काढ. लीजची टीप शोधताना अडशील, सगळेच अडतात. अडलीस की इथेच खाली लिही, मी बघते.