स्ट्रेस थॅलियमच्या आधी चहा का बंद?

प्रश्न : आईचं वय ६४. चढ चढताना छाती जड होते, म्हणून डॉक्टरांनी स्ट्रेस थॅलियम सांगितलंय. गुडघ्यांमुळे ट्रेडमिल जमणार नाही, मग चाचणी कशी होणार? आणि आदल्या दिवसापासून चहा बंद म्हणतात. सकाळच्या अर्ध्या कपाने काय बिघडतं? (सांगली)

उत्तर : बिघडतं. सगळ्यात वाईट म्हणजे ते कळत नाही.

स्ट्रेस थॅलियम म्हणजे हृदयावर ताण आणून त्याच्या स्नायूला रक्त किती पोचतं ते दाखवणारं चित्र. ताणासाठी ज्यांना चालता येत नाही त्यांना शिरेतून बहुधा अ‍ॅडेनोसिन हे औषध देतात : दर किलो वजनामागे मिनिटाला १४० मायक्रोग्रॅम, चार ते सहा मिनिटं. त्याने हृदयाच्या निरोगी रक्तवाहिन्या फुलतात. अरुंद वाहिनीच्या पुढचा भाग आधीच फुलून बसलेला असतो, त्यामुळे तिच्या वाट्याच्या स्नायूला इतरांच्या मानाने कमी रक्त मिळतं. त्याच वेळी किरणोत्सारी औषध टोचलं की तो भाग चित्रात फिका दिसतो. चहातलं कॅफिन अ‍ॅडेनोसिन जिथे चिकटून काम करतं त्या जागा अडवून ठेवतं. वाहिन्या पुरत्या फुलत नाहीत, निरोगी आणि अरुंद वाहिनीतला फरक दिसत नाही आणि अडथळा असूनही रिपोर्ट ‘नॉर्मल’ येऊ शकतो. म्हणून १२ ते २४ तास (केंद्र सांगेल तेवढे) चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं. चुकून घोट घेतलाच तर लपवू नका, तारीख पुढे जाईल इतकंच.

नाव थॅलियमचं असलं तरी आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम हे दुसरं किरणोत्सारी द्रव्य वापरतात. ते दर सहा तासांनी निम्मं होतं, उद्यासाठी ठेवता येत नाही. जमणार नसेल तर आधीच फोन करा.

औषध सुरू होताच चेहरा तापेल, धाप लागेल, छाती दाबल्यासारखी वाटेल. आईंना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर त्यांना झटकाच आला असं वाटायचं. औषध थांबवल्यावर मिनिट-दोन मिनिटांत बहुधा सगळं उतरतं. दमा असेल तर मात्र आधीच सांगा, त्यांच्यासाठी डोब्युटामिन या हृदयाचे ठोके वाढवणाऱ्या औषधाचा पर्याय आहे. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी करणारी) गोळी बंद करायची की नाही हे डॉक्टरांनाच विचारा, मनाने थांबवू नका. तीन-चार तास उपाशी राहायचं असतं, म्हणून इन्सुलिनचा डोसही विचारून घ्या.

कॅमेऱ्याखाली हात डोक्यावर घेऊन १५-२० मिनिटं निश्चल पडायचं. खांदा आखडलेला असेल तर तंत्रज्ञाला सांगा; हलल्यास चित्र पुसट होतं आणि पुन्हा घ्यावं लागतं. मंगळसूत्र घरीच काढून ठेवा, धातूची सावली पडते. मधल्या वेळात पाणी आणि बऱ्याचदा दूध किंवा काही स्निग्ध खायला देतात. यकृत-आतड्यांत साठलेलं औषध हृदयाच्या खालच्या भिंतीवर चमकतं, ते निघून जावं म्हणून. ताणाची आणि विश्रांतीची अशी दोन चित्रं एकाच दिवशी घ्यायची तर चार-पाच तास जातात. डबा न्या.

प्रश्न : रिपोर्टमध्ये ‘इन्फिरिअर वॉल, फिक्स्ड डिफेक्ट’ आहे. पूर्वी झटका येऊन गेला का? (नाशिक)

उत्तर : असेलच असं नाही. ‘इन्फिरिअर वॉल’ म्हणजे हृदयाची खालची भिंत, ‘फिक्स्ड डिफेक्ट’ म्हणजे ताण आणि विश्रांती या दोन्ही चित्रांत फिकाच राहिलेला भाग. ताणात फिकं आणि विश्रांतीत भरलेलं दिसलं तर रक्तपुरवठा कमी. दोन्हीकडे फिकं म्हणजे व्रण, झटक्याची जुनी खूण. पण पुरुषांत श्वासपटलाची (छाती आणि पोटामधल्या पडद्याची) सावली नेमकी याच भिंतीवर पडते. भिंत नीट हलत असेल तर सावलीची शक्यता जास्त. शंका असल्यास पालथं झोपवून पुन्हा चित्र घेतात. उलटही घडतं : तिन्ही वाहिन्या सारख्याच अरुंद असतील तर सगळा स्नायू सारखाच फिका, म्हणून चित्र ठीक वाटतं. तक्रारी चालू असतील तर ‘नॉर्मल’वर थांबू नका.

प्रश्न : चाचणीनंतर नातवाला जवळ घेतलं तर चालेल? (ठाणे)

उत्तर : थोडा वेळ चालेल, पण त्या दिवशी तान्ह्या बाळाला आणि गरोदर स्त्रीला फार वेळ चिकटून बसू नका. भरपूर पाणी प्या, लघवीला वरचेवर जा. दोन-चार दिवसांत विमानप्रवास असेल तर केंद्राकडून चिठ्ठी घ्या. काही विमानतळांवरची किरणोत्साराची यंत्रं वाजू शकतात.