पोर्टमधल्या हवेची गती, चाल की वेग?

नागपूरच्या एका आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचं काम शिकणाऱ्या वाचकाने विचारलंय : इनलेट पोर्टमधून (इंजिनात हवा आत नेणाऱ्या वाटेतून) हवा किती जोरात जाते याचं गणित मी वहीत मराठीत मांडतो. तिथे वेलॉसिटीला 'गती' लिहू की 'वेग'? आणि मिस्त्री 'फ्लो वाढला' म्हणतात, तो हाच का?

'वेग' लिहा. शाळेच्या विज्ञानात गती म्हणजे नुसतं हलणं, चाल म्हणजे दिशेविना मोजलेलं, वेग म्हणजे दिशेसकट. पोर्टमध्ये ही दिशा फार महत्त्वाची. इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन वर निघाल्यावरही थोडा वेळ उघडा असतो, त्यामुळे कमी आरपीएमला (मिनिटाला कमी फेऱ्या होत असताना) हवा उलटी कार्ब्युरेटरकडे ढकलली जाते. तेव्हा वेग उणे होतो. चालीला उणं होता येत नाही. शिवाय बोलीत 'गती'ला वेगळाच अर्थ आहे : 'पोराला गणितात गती आहे' म्हणतो आपण, तिथे वेग चालत नाही. 'वेग' आला विज् धातूपासून. आवेग, उद्वेग, संवेग ही त्याचीच भावंडं. त्या सगळ्यांत आतून रेटा आहे, म्हणून मला तो शब्द इथे शोभतो.

आता फ्लो. तो वेग नव्हे, प्रवाह : सेकंदाला किती हवा गेली ते माप. उन्हाळ्यात संध्याकाळी अंगणात पाणी मारताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून बघा. पाणी कमी येतं, पण धार लांब जाते. प्रवाह घटला, वेग वाढला. एकाच शब्दात दोन्ही कोंबले की घोळ होतो. पोर्ट घासून मोठा केला, फ्लो बेंचवर (प्रवाह मोजायच्या यंत्रावर) आकडा वाढला, पण वेग घटला आणि गाडीचा कमी आरपीएमचा पिकअप मात्र गेला, असं त्यातूनच घडतं.

तुमच्या वहीसाठी एक उदाहरण. बोर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची एका दिशेची धाव) ५० मिमी, ८००० आरपीएम. पिस्टन एका फेरीत स्ट्रोकच्या दुप्पट अंतर कापतो, म्हणून त्याची सरासरी चाल (इथे चालच, कारण वरखाली धरून सरासरी वेग शून्य येईल) सेकंदाला १३.३ मीटर. पोर्टचा व्यास २० मिमी असेल तर ५० भागिले २० याचा वर्ग, ६.२५ (सिलिंडर आणि पोर्टच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर), याने गुणा : हवेचा सरासरी वेग सेकंदाला ८३.३ मीटर, म्हणजे ताशी ३०० किलोमीटर! पोर्ट २५ मिमी केला की तोच ५३.३ वर येतो. हे सक्शनच्या पूर्ण स्ट्रोकचं सरासरी माप. पिस्टन मधल्या टप्प्यात असताना क्षणिक वेग याहून बराच जास्त असतो, म्हणून 'सरासरी' हा शब्द वहीत गाळू नका.

'पोर्ट'ला मात्र पोर्टच राहू द्या. गॅरेजमध्ये सगळ्यांना कळतो तो.